संत ख्रिस्तोफर खरा होता का, आणि भट्टीवर राबणाऱ्या ख्रिस्ती माणसाने त्याच्याकडून काय घ्यावं?

प्रश्न कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतण्याच्या कारखान्यात, काम करणाऱ्या तरुणाचा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. तीन पाळ्यांचं काम असल्यामुळे रविवारची उपासना वरचेवर चुकते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, उपास धरावा म्हटलं तर भट्टीसमोर चक्कर येते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी प्रार्थनेला उभं केलं की तोंडातून शब्द फुटत नाही. गोव्याच्या एका सहकाऱ्याने संत ख्रिस्तोफरचं पदक दिलं, ते त्यांनी गाडीच्या किल्लीला लावलं, तर मंडळीतले एक एल्डर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे वडीलधारे, म्हणाले, काढून टाक, असा कुणी संत झालाच नाही, पोपनेही त्याला यादीतून काढलंय. मग अशा दंतकथेतल्या माणसाकडून माझ्यासारख्या साध्या ख्रिस्ती माणसाने काय शिकायचं, असा त्यांचा प्रश्न. आणि अगदी शेवटी, वेळ कुठे जातो हे सांगताना, त्यांनी एक वाक्य लिहिलं आहे: शेजारचे एक आजोबा आहेत, त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं.

मी कोल्हापुरात आणि आसपासच्या मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून बरीच वर्षं सेवा केली. वेगवेगळ्या शब्दांत हाच प्रश्न मला ट्रकवर असणाऱ्यांनी विचारला, नर्सांनी विचारला, पहाटे धारा काढायला उठणाऱ्या बायकांनी विचारला. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी एल्डरांचं म्हणणं घेऊ, कारण त्यात अर्धं खरं आहे. ख्रिस्तोफर नावाचा रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेला माणूस, तिसऱ्या शतकात लुक्या प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याकडे, होऊन गेला असं परंपरा सांगते. बहुधा रोमन बादशहा डेसियस याच्या छळात, इ.स. 250 च्या सुमारास. पाचव्या शतकाच्या मध्यास खल्केदोन इथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या भागात, त्याच्या नावाने मंदिर उभं होतं, तेव्हा या नावाच्या रक्तसाक्ष्याची आठवण जुनी आहे एवढं धरून चालायला हरकत नाही. बाकी सगळं, त्याचा बारा हात उंच देह, ती नदी, खांद्यावरचं मूल, हे कथेचं आहे. जुन्या ग्रीक कथांमध्ये नदी नाहीच. त्याच्या नावाचा अर्थ 'ख्रिस्ताला वाहणारा' असा होतो आणि पश्चिमेकडच्या लोकांनी त्या नावाभोवती ही गोष्ट गुंफली असं दिसतं. तेराव्या शतकात इटलीतल्या जाकोबुस दे वोराजिने या डोमिनिकन साधूने आपल्या संतचरित्रांच्या संग्रहात ती घेतली आणि मग ती युरोपभर गेली. 1969 साली पोप सहावे पॉल यांच्या काळात रोमन कॅथलिक पंचांगाची फेररचना झाली, त्यात 25 जुलैचा त्याचा सण सार्वत्रिक पंचांगातून वगळला गेला. पण त्याचं संतपद कुणी काढून घेतलेलं नाही. रोमन रक्तसाक्ष्यांच्या यादीत त्याचं नाव आजही आहे, ज्या गावाला त्याचा सण पाळायचा असेल त्याला मुभा आहे, आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या 9 मे रोजी त्याची आठवण करतात.

आता आपलं. वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी पतिपत्नी 1852 साली कोल्हापुरात आले, पुढे ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेलं, आणि आपल्या बहुतेक मंडळ्या त्या मुळातून वाढल्या. संतांकडे मागणं मागायची रीत आपल्यात नाही, आणि ती नसावी असंच माझंही ठाम मत आहे. मध्यस्थ एकच, ख्रिस्त. पण मागणं मागणं वेगळं आणि शिकणं वेगळं. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो असं ते मोकळेपणाने सांगत. संतांकडून शिकायला ज्या माणसाला संकोच वाटला नाही, त्याची गीतं आपण दर रविवारी गातो.

आणि कथा कशी ऐकायची हे मराठी माणसाला बाहेरून कुणी शिकवायला नको. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही गोष्ट आपण लहानपणी शेजारघरी ऐकलेली असते. गाढव कुठल्या गावचं, साल कुठलं, असं कुणी विचारत नाही. नाथ काय करणारे माणूस होते ते त्या गोष्टीतून कळतं आणि आपल्याला काय करायला हवं तेही कळतं. ख्रिस्तोफरची कथा तशीच ऐकावी. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यानेही ती इतिहास मानली नव्हती. ख्रिस्ती माणसाचं आयुष्य कसं असावं याचं चित्र म्हणून त्याला ती मोलाची वाटे.

कथा अशी. रेप्रोबस नावाचा कनानी धिप्पाड माणूस, हाच पुढचा ख्रिस्तोफर. त्याच्या मनात एकच: चाकरी करायची तर जगातल्या सर्वांत बलाढ्य धन्याची. तो एका मोठ्या राजाकडे राहिला. एकदा दरबारात गाणाऱ्याने सैतानाचं नाव घेतलं आणि राजाने घाईने क्रुसाची खूण केली. रेप्रोबसने कारण विचारलं. राजा म्हणाला, मला त्याची भीती वाटते. तेव्हा हा राजाला सोडून सैतानाकडे गेला. पुढे रस्त्याच्या कडेला क्रूस दिसला तसा सैतान वाट सोडून काट्याकुट्यांतून लांबचा फेरा घेऊन गेला. याने पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं, आणि हा ख्रिस्ताच्या शोधात निघाला.

कथेचा हा पहिला भाग बहुतेक लोक भरभर उरकतात. मला तो कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी महत्त्वाचा वाटतो. ज्याची भीती मोठी तो आपला धनी, हे रेप्रोबसला बरोबर कळलं होतं. ब्लो होल असलेलं, म्हणजे आत हवेची पोकळी राहून सदोष झालेलं, कास्टिंग 'जाऊ दे, पास कर' असं वरून सांगितलं जातं, हजेरीत कुणाचे दोन तास कमी दाखवले जातात आणि आपण मान खाली घालतो, तेव्हा आपण कुणाच्या चाकरीत आहोत हे तपासायला लागतं. ते काही उपासनेच्या बाकावर बसून ठरत नाही. मी हे सोपं आहे असं म्हणत नाही. घरात दोन मुलं असलेल्या माणसाला नोकरीची भीती असते आणि ती खरी असते. पण तुम्ही विश्वासात जगण्याबद्दल विचारलंत, आणि तुमचे आठ तास जिथे जातात ती जागा वगळून मला त्याबद्दल बोलता येणार नाही.

आता ज्याच्यासाठी मी ही कथा जवळ बाळगली आहे तो भाग. रेप्रोबसला एक संन्यासी भेटतो. ख्रिस्ताची सेवा कशी करू, असं हा विचारतो. संन्यासी म्हणतो, उपास कर. हा म्हणतो, ते मला जमणार नाही, दुसरं काही सांगा. संन्यासी म्हणतो, मग पुष्कळ प्रार्थना कर. हा म्हणतो, प्रार्थना म्हणजे काय तेच मला माहीत नाही, तेही जमणार नाही.

इथे थोडं थांबा. तुमच्या पत्रात हीच दोन वाक्यं आहेत, याच क्रमाने. उपास झेपत नाही, प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. आणि त्या संन्याशाच्या जागी आपल्याकडचा एखादा पाळक किंवा एल्डर असता तर बहुतेक वेळा काय झालं असतं, तेही मला ठाऊक आहे. विश्वास कमी पडतो म्हणून सांगितलं असतं. पापाची कबुली दे म्हणाला असता. प्रार्थनासभेला येत नाही म्हणून चारचौघांत नाव घेतलं असतं. तो धिप्पाड माणूस दाराबाहेर पडला असता आणि परत आला नसता. अशी माणसं आपल्या मंडळ्यांतून गेलेली मी पाहिली आहेत. ख्रिसमसला मागच्या बाकावर येऊन बसतात आणि आशीर्वादाआधी निघून जातात.

संन्यासी यातलं काही करत नाही. तो समोरच्या देहाकडे बघतो. उंची बघतो, खांदे बघतो, आणि विचारतो: ती अमुक नदी माहीत आहे का, जिथे उतरून जाणारे पुष्कळ लोक बुडतात? तू उंच आहेस, अंगात बळ आहे. तिच्या काठी राहा आणि लोकांना पलीकडे ने. ज्या ख्रिस्ताची चाकरी तुला करायची आहे त्याला ते फार आवडेल, आणि मला वाटतं, तो तिथे तुला भेटेल. रेप्रोबस म्हणतो, हे मला येईल.

त्याला जे येत होतं तेच त्याच्याकडून मागितलं गेलं. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल कृपादानांची नावं घेतो तेव्हा शिकवणं, बोध करणं यांच्याबरोबर सेवा करणं, दान देणं, दया करणं हीसुद्धा त्याच रांगेत येतात. आपण मात्र बोलता येणाऱ्यांना पुढे बसवलं आणि उचलता येणाऱ्यांना फक्त ख्रिसमसचा मांडव घालायला बोलावलं. पैलवानांच्या या गावात तरी देहाच्या बळाला कमी लेखू नये. आणि यशया 58 पुन्हा वाचा. देवाला कोणता उपास हवा हे तिथे स्वच्छ लिहिलं आहे: जोखडाच्या दोऱ्या सोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, बेघराला घरात घेणं. पोट रिकामं ठेवण्याचा उपास मी कमी मानत नाही, स्वतः करतो. पण दीड हजार डिग्रीच्या वितळलेल्या लोखंडासमोर उभ्या असलेल्या माणसाने तो करू नये. तिथे एक चक्कर म्हणजे त्याचा आणि शेजारच्याचा जीव.

रेप्रोबसने काठावर झोपडी बांधली, हातात एक मोठा सोटा घेतला आणि लोकांना पाठीवर घेऊन नदी उतरवू लागला. किती काळ, ते कथा सांगत नाही. बरेच दिवस, एवढंच. मला या न सांगितलेल्या दिवसांबद्दल बोलायचं आहे. चित्रकारांनी ख्रिस्तोफर काढला तो नेहमी खांद्यावर बाळ येशू घेतलेला. पण त्या रात्रीआधी त्याने नेले ते व्यापारी असतील, बाजाराला निघालेल्या बाया, आजारी माणसं, कुरकुर करणारे, मजुरी न देता निघून जाणारे. त्यांच्यापैकी कुणाच्याही डोक्याभोवती तेजोवलय नव्हतं. तरी तो रोज पाण्यात उतरला.

पंचगंगेच्या काठच्या माणसांना हे समजावून सांगायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी जुलैमध्ये पुन्हा तसंच. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं, शहरातल्या पेठा पाण्यात होत्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठुंगळी घेऊन छातीभर पाण्यातून बाहेर आणणारी पोरं सगळ्यांनी पाहिली. पाठीवर कोण आहे, कुठल्या गल्लीतलं, कुठल्या देवाचं, हे त्यांनी विचारलं नव्हतं. पण मला त्याहून जास्त आठवतात ते पाणी उतरल्यानंतरचे दिवस. कॅमेरे गेले, बिस्किटांचे ट्रक थांबले, आणि घराघरांत घोटाभर काळा, कुजका वास येणारा चिखल राहिला. भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, लगदा झालेली रेशनकार्डं आणि शाळेचे दाखले. तेव्हा फावडं घेऊन रोज जाणारे थोडे होते. आणि कार्यालयात बसून म्हाताऱ्या बाईचा अर्ज भरून देणारे त्याहून थोडे. ख्रिस्तोफरच्या कथेतले ते न मोजलेले दिवस असे असतात.

मग ती रात्र येते. झोपडीत तो पडलेला असताना एका मुलाची हाक ऐकू येते. बाहेर जातो तर कुणी नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मूल दिसतं आणि म्हणतं, मला पलीकडे ने. तो त्याला खांद्यावर घेतो, सोटा टेकत पाण्यात उतरतो. पाणी चढत जातं आणि मूल शिशासारखं जड होत जातं. मध्यावर तो बुडणार असं त्याला वाटतं. कसाबसा काठाला लागतो आणि म्हणतो, पोरा, तू मला संकटात घातलंस. सगळं जग माझ्या खांद्यावर असतं तरी याहून जड झालं नसतं. मूल म्हणतं, नवल वाटून घेऊ नकोस, जग आणि जग करणारा, दोघेही तुझ्या खांद्यावर होते. मी ख्रिस्त, ज्याची तू या कामातून चाकरी करतोस. सोटा झोपडीपाशी जमिनीत रोव. सकाळी त्याला खजुरीसारखी पानं, फुलं आणि फळं आलेली असतात.

यातल्या दोन गोष्टी पाळक म्हणून मला पुन्हापुन्हा सांगाव्या लागल्या.

ओझं मध्यावर जड झालं, काठावर नव्हे. काठावर मूल हलकंच होतं. अर्धांगवायू झालेल्या सासूची सेवा करणाऱ्या सुना, मतिमंद भावाला सांभाळणाऱ्या बहिणी माझ्याकडे येऊन म्हणत, सुरुवातीला प्रेमाने करत होते, आता राग येतो, माझा विश्वास गेला का? मी त्यांना ही नदी सांगायचो. पाणी छातीला लागलं की ओझं जड होतं. तुम्ही मध्यावर आहात. ख्रिस्तोफरनेही तक्रार केली, मोठ्या आवाजात केली, आणि ख्रिस्त त्यावर रागावला नाही. मात्र त्याने मूल खाली टाकलं नाही, आणि त्याच्या हातात सोटा होता. तुमचा सोटा कोणता, हे मी हटकून विचारायचो. आठवड्यातली एक संध्याकाळ तुमच्या जागी कोण बसेल? गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असं लिहिलं आहे, ते सगळ्या मंडळीला. एकीनेच वाहावं आणि बाकीच्यांनी तिची स्तुती करावी, असं तिथे लिहिलेलं नाही.

दुसरं असं की खांद्यावर कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात नीतिमानांचंही तसंच होतं. प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं, कधी आजारी पाहिलं, असं ते खरोखर न कळून विचारतात. म्हणून शेजारच्या आजोबांना नेताना तुमच्या मनात काही पवित्र भावना येत नसेल, रात्रपाळी करून आल्यावर दवाखान्याच्या बाकावर चार तास नुसती पेंग येत असेल, तर त्याने काही उणं होत नाही. ते तुम्ही वेळ कुठे गेला याच्या हिशेबात लिहिलंत. मी तुमचं पत्र वाचलं तेव्हा तुमची भक्ती मला त्या एका वाक्यात दिसली.

आता एक इशारा देतो, नाहीतर माझं बोलणं अर्धंच घेतलं जाईल. सेवा करतो, मग प्रार्थनेची काय गरज, असं म्हणणारे लोक मला भेटतात. कथा तसं म्हणत नाही. पुढे ख्रिस्तोफर लुक्यातल्या एका नगरात जातो. तिथली भाषा त्याला येत नाही. आणि ज्याला प्रार्थना म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं तो तिथे प्रार्थना करतो, की प्रभू, या लोकांचं बोलणं मला कळू दे. ते कळायला लागल्यावर तो जातो कुठे, तर जिथे ख्रिस्ती लोकांना ठार मारत होते तिथे, त्यांना धीर द्यायला. तिथे कुणी त्याच्या तोंडावर मारतो. राजाला नमवू शकेल असा तो देह, पण तो हात उचलत नाही. मी ख्रिस्ती नसतो तर याचा बदला घेतला असता, एवढंच म्हणतो. नदीतल्या त्या दिवसांनी त्याला प्रार्थना शिकवली होती. दुसऱ्याची गरज समोर आली आणि स्वतःचं बळ पुरेना, तेव्हा शब्द आले, तेही एका वाक्याचे. तुमचंही तसंच होईल असं मला वाटतं. मंडळीसमोर उभं राहून बोलता आलं नाही तरी चालेल. मशीनला जोडलेल्या त्या आजोबांच्या शेजारी बसून मनात म्हणा, प्रभू, यांना आज घरी जाऊन दोन घास जेवू दे. ही पूर्ण प्रार्थना आहे.

पदकाचं काय करायचं? युरोपात मधल्या काळात देवळाच्या दारासमोरच्या भिंतीवर ख्रिस्तोफरचं भलंमोठं चित्र काढत, कारण ज्या दिवशी त्याचं तोंड दिसेल त्या दिवशी वाईट मरण येत नाही असा समज होता. 1423 सालचं एक लाकडी ठशाचं चित्र आजही जपलेलं आहे, त्यावर हेच वचन छापलं आहे. सोळाव्या शतकातल्या इरास्मस या ख्रिस्ती विद्वानाने त्या समजावर कडक टीका केली आणि ती रास्त होती. ज्याने आयुष्यभर लोकांना वाहिलं त्याला लोकांनी आपलं रक्षण करणारा ताईत करून टाकलं. तुम्ही पदक तशा भावनेने ठेवलं असेल तर काढा, आणि हेल्मेट घाला. मित्राची भेट म्हणून, किंवा किल्ली हातात घेताना आज कुणाला न्यायचं आहे हे आठवावं म्हणून ठेवलं असेल, तर मला त्यात दोष दिसत नाही. पण एल्डरांच्या मनाला ते लागत असेल तर त्यावरून वाद घालत बसू नका. घरी ठेवा आणि काम चालू ठेवा.

या लेंटमध्ये तुम्ही जेवणाचा उपास धरू नका. पाळीचं वेळापत्रक मिळालं की ते पाळकांना दाखवा. ज्या रविवारी सकाळ मोकळी असेल त्या रविवारी उपासनेला जा, कारण वचन आणि प्रभुभोजन यांवाचून माणूस फार दिवस टिकत नाही. बाकीच्या रविवारी पाळक किंवा एल्डर तुमच्या घरी येऊन तुमच्याबरोबर एक स्तोत्र वाचतील अशी व्यवस्था मागा. संकोच करू नका, ते त्यांचं कामच आहे. आणि आजोबांच्या दोन फेऱ्यांपैकी एक दुसऱ्या कुणीतरी घ्यावी हे मंडळीसमोर मांडा. तुम्हाला बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहून पाळकांकडे द्या, ते वाचून दाखवतील. ज्या एल्डरांनी पदक काढायला सांगितलं त्यांच्याकडे गाडी असेल तर आधी त्यांनाच विचारा.